खालांची शुक्रवारची बॅटरी

खाला फोनवर कधीच ‘हॅलो’ म्हणायच्या नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “काड्या किती आहेत?” म्हणजे समोरच्याच्या फोनात बॅटरीच्या किती काड्या उरल्यात. उत्तर ऐकून त्या बोलण्याचा बेत ठरवत. एक काडी असली तर, “मग मतलबाचं बोल.” भरलेली असली तर तब्येतीपासून कोलीमच्या, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीच्या, चटणीपर्यंत सगळं.

पनवेलच्या जुन्या बाजारामागच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती. यजमान वारलेले, मुलगा सलीमभाई आणि सून मस्कतला. खाला मशीनवर परकर शिवायच्या. चाळीतला पहिला मोबाइल त्यांच्याकडे आला, तोही सलीमभाईंनी पाठवलेला. बटणांचा, राखाडी रंगाचा. सलीमभाईंचा फोन आठवड्यातून एकदाच यायचा, शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर. आणि त्या काळी लोडशेडिंग असं होतं की लाइट आली म्हटलं की सगळी चाळ एकदम मिक्सर लावायची. त्यामुळे खालांचा सगळा आठवडा शुक्रवारसाठी चार्जिंग राखण्यात जायचा.

त्यांनी फोनचा उजेड कमी करून घेतला होता. “दिवसाढवळ्या उजेड कशाला?” थरथर बंद करून घेतली होती. “थरथरायला ताकद लागते, बेटी.” माझा धाकटा भाऊ गेम खेळायला फोन मागायचा, तेव्हा त्या त्याच्या हातावर एक खजूर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “हा घे, याला चार्जिंग लागत नाही.” गुरुवारी आपल्याकडे लाइट नसली तर फोन आणि चार्जर रुमालात बांधून त्या रिक्षाने सुकापूरला बहिणीकडे जायच्या, कारण तिथलं लोडशेडिंग वेगळ्या वेळेला असायचं. कुणी विचारलं तर सांगायच्या, “फोनला माहेरी नेतेय.”

माझी आई गावाकडची, तिला गंमत वाटायची. “खाला, या फोनलाच सून करून आनलीय काय तुमी? इतकी सेवा आमची कुनी केली नाय.”

“सून उलट बोलते गो,” खाला म्हणायच्या. “हा निदान गप बसून खातो.”

सगळ्यात न्यारी होती ती त्यांची फोन उचलायची रीत. खोलीत रेंज जेमतेम यायची, रिंग वाजेल इतकीच. दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने त्यांना सांगितलं होतं की रेंज शोधताना फोन जास्त बॅटरी खातो. तेव्हापासून मायलेकांचं ठरलं होतं. सलीमभाई आधी एक मिस्ड कॉल द्यायचे. खालांनी तो कापायचा, ओढणी डोक्यावर घ्यायची आणि गॅलरीच्या टोकाला, जिन्याच्या कठड्यापाशी जाऊन उभं राहायचं. तिथे रेंज भरपूर. मग दुसरा फोन यायचा, तो उचलायचा. पुढे पुढे कुणाचाही फोन असला तरी त्या पहिला कापूनच टाकत. चाळीतल्या सगळ्यांना हे माहीत होतं. आम्हाला वाटायचं, फोन असाच करतात.

मी बारावी झाले. आमच्या घरात तिथपर्यंत कुणी गेलं नव्हतं. कॉलेजच्या अर्जावर फोन नंबरचा रकाना होता आणि आमच्याकडे फोन नव्हता. बराच वेळ दारात घुटमळून मी खालांना विचारलं, तुमचा नंबर लिहू का?

“लिही की. फक्त त्यांना सांग, शुक्रवारी करू नका,” त्या हसून म्हणाल्या.

कॉलेजच्या खिडकीवरच्या साहेबांना असं सांगण्याचा धीर मला कुठून यायचा? माझं नाव प्रतीक्षा यादीत लागलं. जागा रिकामी झाली तर फोन करू, त्याच दिवशी मूळ कागद घेऊन यायचं, नाहीतर जागा पुढच्याला जाईल, असं त्यांनी सांगितलं. वडील रिक्षा चालवायचे. हे वर्ष हुकलं तर पुढच्या वर्षी माझं लग्न बघायचं, अशी बोलणी घरात सुरू झाली होती. त्यांचाही दोष नव्हता.

त्याच आठवड्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर उडाला. सुकापूरलाही लाइट नव्हती. आणि तिकडे मस्कतला खालांची सून दिवस भरलेली, कुठल्याही घडीला बाळंत होईल अशी. खालांनी दोन दिवस फोन बंद करून तांदळाच्या डब्यावर ठेवला होता. शुक्रवारी दुपारी त्यांनी तो सुरू केला तेव्हा एकच काडी होती. तेवढी खबर ऐकायला पुरेल, असं त्या स्वतःलाच समजावत होत्या.

मी त्यांच्याच दारात तांदूळ निवडत बसले होते. फोन वाजला. खालांनी रीतीप्रमाणे तो कापला, ओढणी घेतली आणि कठड्याकडे जवळजवळ धावल्याच. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. त्यांनी उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काड्या न विचारता म्हणाल्या, “बोल सलीम.”

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. पण खालांचा चेहरा बदलला.

“पहिल्यालाच कसा उचलला म्हणजे? हा दुसरा ना? मघाशी तू नव्हता केलास?” त्या थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काही समजायच्या आत त्या म्हणाल्या, “सलीम, ठेव. नंतर सांग. अरे, खुशखबर आहे ना, सगळं खैरियत आहे ना? बस, ठेव आता.”

आणि त्यांनी मुलाचा फोन कापला.

“अगो पोरी, ये लवकर. मघाचा तुझ्या कॉलेजचा असणार. मी कापला गो. बघ नंबर, लाव.”

कापलेला नंबर फोनात होता. मी लावला. साहेबांचाच आवाज आला. “अहो, तुम्ही फोन कापलात. मी पुढच्या मुलाला लावायलाच घेतला होता. येताय का? ऑफिस बंद व्हायच्या आत, मूळ कागद घेऊन.” मी ‘हो सर’ म्हणाले. दुसऱ्यांदा ‘हो सर’ म्हणतेय तोवर फोनने आपली बंद व्हायची धून वाजवली आणि पडदा काळा झाला.

मी खालांकडे बघतच राहिले. “खाला, नात की नातू?”

“ते काय, कुठे जातंय? लाइट आली की कळेल,” त्या म्हणाल्या. “तुझं आज गेलं असतं. पळ, बापाला उठव, रिक्षा काढायला सांग.”

मला कॉलेज मिळालं. संध्याकाळी परत आले तेव्हा खाला मशीनवर नव्हत्या. जिन्याच्या कठड्यापाशी, बंद फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी मी आणलेल्या पेढ्याचा अर्धा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला आणि उरलेला रुमालात बांधून ठेवला, उद्यासाठी.

लाइट शनिवारी आली. नात झाली होती, शुक्रवारी सकाळीच. पण खालांनी तिचा वाढदिवस कायम एक दिवस उशिरा केला. सून चिडवायची तर म्हणायच्या, “तुम्हाला शुक्रवारी झाली. मला शनिवारी झाली.” खरं कारण त्यांनी माझ्यादेखत कुणालाही सांगितलं नाही.

पुढे सलीमभाई बायको आणि मुलीसह परत आले, त्यांनी सुकापूरलाच घर घेतलं. चाळ सोडताना खाला म्हणाल्या, “फोनच्या माहेरी आता मीच चालले.” तिथे त्यांच्या उशाशीच प्लग होता, लाइट जात नव्हती, हातात मोठ्या पडद्याचा फोन आला होता. तरी उजेड कमी केलेलाच. मी फोन केला की पहिला कापायच्या. मग मी थांबायचे आणि पुन्हा लावायचे.

गेल्या वर्षी खाला गेल्या. मला बातमी उशिराच कळली. मातीला पोचता आलं नाही.

मध्ये काही वर्षं नोकरी करून मी यंदा बी.एड.ला प्रवेश घेतला. यादीत नाव दिसलं आणि सवयीने माझ्या हातून खालांचाच नंबर लागला. लक्षात आलं तोवर रिंग गेली होती. दोनदा वाजून फोन कापला गेला. मी उभी होते तिथेच थांबले. मग पुन्हा लावला.

“काड्या किती आहेत?” पलीकडून लहान मुलीचा आवाज आला.

मी माझ्या फोनकडे पाहिलं. त्यावर आता काड्या नसतात.

“भरपूर आहेत,” मी म्हणाले.

“मग बोला,” ती म्हणाली.