कमरेवरची थाप

चीनमधल्या आमच्या छिंगश्यू गावात पहाटे धुकं आणि शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, वास एकदमच उठतात. त्या दोन्हींत मी एकतीस वर्षं डोळे अर्धे मिटून उभा राहिलो. ठोशाची विद्या शिकवणाऱ्या च्याओ वस्तादांच्या अंगणातल्या बोरीखाली आम्ही चौघं चेले तासन्‌तास नुसते उभे असायचो. गुडघे सैल, हात छातीपुढं, कुशीत मूल असल्यासारखे. थोड्या वेळानं पाय कुठं संपतात नि जमीन कुठं सुरू होते तेच कळेनासं व्हायचं. खोटं कशाला बोलू, कधी कधी मी चक्क झोपायचो.

वस्तादांचा ठोसा मात्र झोप उडवणारा. अर्धं पाऊल, वीतभर हालचाल, की समोरचा भिंतीला. त्यांच्या कमरेवर तळहात ठेवला की टाचेतून उठलेलं काहीतरी हाताखालून सरकत खांद्याकडं जायचं, भरल्या घागरीत पाणी हिंदकळावं तसं. मग आमची पाळी. आमच्या कमरेवर त्यांचा हात. ठोसा साधला तर ते एक थाप देणार, आणि ज्याला थाप मिळेल तोच पुढं वस्ताद. ती थाप कुणालाच मिळाली नव्हती. मला ती हवी होती, बायकोपेक्षा जास्त हवी होती म्हणा ना.

आम्हाला उभं करून वस्ताद घरच्या शिरक्याच्या पडवीत जायचे. तिथं त्यांची मुलगी रुइलान काम करायची. कमरेएवढे चाळीस रांजण. त्यांतली शिरक्यासाठी आंबवलेली ज्वारी ती रोज नुसत्या हातांनी तळापासून वर काढून उलटायची. आम्ही आपले गालात हसायचो, म्हातारा शिरका चाखायला गेला म्हणून.

गेल्या हिवाळ्यात वस्तादांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ते असेच गेले तर ठोसाही त्यांच्याबरोबर संपणार. थोरला चेला म्हणून मी सगळ्यांना घेऊन गेलो. ते खालून तापवलेल्या ज्या ओट्यावर निजून असत, त्याला टेकून एकेकानं उभं राहायचं, मी त्यांचा डावा हात उचलून त्याच्या कमरेवर ठेवायचो, आणि तो हवेत ठोसा मारायचा. तिघांचं झालं. मग मी जीव ओतून मारला. हात जसा होता तसाच पडून राहिला. मला रडूच आलं.

तेवढ्यात रुइलान आली. बाह्या कोपरापर्यंत, अंगाला आंबूस वास. "सरका जरा, बाबांना कुशीवर वळवायचंय." तिनं हात खाली घातले, टाचा रोवल्या, कंबर वळली, आणि तो धिप्पाड माणूस अलगद उलटला. त्यांचा डावा हात तिच्या कमरेवर सरकला आणि थाप पडली. पुन्हा एकदा पडली.

तिला विचारलं तर म्हणाली, "पडवीत रोज कमरेवर हात ठेवायचे. टाचेतून उलट, असं म्हणायचे. मला वाटायचं, पाठ दुखू नये म्हणून." असेलही तसं. पण मला राग आला, आणि तो मी कित्येक दिवस पोसला.

वसंतात वस्ताद गेले. महिन्याभरानं मी पडवीत शिरलो, छातीशी जाड गोणपाट धरलं नि म्हटलं, रांजणात हात घालतेस तसा घाल. ती म्हणाली, तुम्हाला काय वेड लागलंय का, दादा. मग तिनं अर्धं पाऊल टाकलं. मी मागं उडून ज्वारीच्या पोत्यांत जाऊन आदळलो, आणि तिथंच बराच वेळ रांजणांतल्या वाफेकडं बघत राहिलो. राग कुठं गेला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाचा पेला घेऊन मी तिच्यापुढं गुडघे टेकले. आमच्यात वस्तादानं पेला प्यायला की चेला झाला, न प्यायल्यास घरी जावं.

"वेनदादा, उठा. तुम्ही माझ्याहून वीस वर्षांनी मोठे," ती म्हणाली.

मी उठलो नाही. चहा निवत चालला. तिनं बाबांच्या रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं, हात पुसले, आणि पेला तळापर्यंत प्यायला.

"ऊठ, वेन," ती म्हणाली. "बाह्या वर कर. तो कोपऱ्यातला रांजण घे. टाच उचलायची नाही."

मी ऊन ज्वारीत हात घातले. मागून तिचा ओला तळहात माझ्या कमरेवर आला.