कुलरसमोरचा बाक

लोक मला रिसेप्शनिस्ट म्हणत. खरं काम राखणदारीचं होतं. छावणीतल्या दवाखान्यात, ज्याला फौजेत एमआय रूम म्हणतात, काचेमागे बसून मी दिवसभर माणसं अडवत असे. कार्ड दाखवा. मागे सरका. साहेब कामात आहेत. ज्याला आत सोडलं तो आभार मानत नसे, आणि ज्याला थांबवलं तो मनातल्या मनात शिव्या देई, काही तर तोंडावरही. गोड बोलून तिथे काम होत नाही हे मला लवकरच कळलं. मग मीही गोड बोलणं सोडून दिलं.

मी सेलूकडची, ठेक्यावर लागलेली, सिव्हिलियन. गेटवर मोबाईल जमा करायचा आणि डबा उघडून दाखवायचा. पोळी-भाजीशिवाय त्यात कधी काही निघालं नाही, तरी दुसऱ्या दिवशी तोच जवान त्याच संशयाने झाकण उचलायचा. आत गेल्यावर तर माणसाला स्वतःचं नावच उरत नसे. बाईला तर नाहीच नाही. मी हाक मारायची ती 'हवालदार साहेबांची वाइफ', 'सुभेदार साहेबांची मदर' अशी. शिपायाची बायको हाक ऐकली की धावत यायची. कर्नलची बायको फक्त मान वळवायची.

बसण्याचंही तेच. हॉलमध्ये मोजके बाक आणि एकच कुलर. कुलरसमोरचा बाक ऑफिसरांच्या घरच्यांचा. तशी पाटी लावली असती तर कोणीतरी तक्रार केली असती, म्हणून पाटी नव्हती. पण ठाऊक सगळ्यांना होतं. मे महिन्यात बाहेर डांबर वितळायचं, मागच्या बाकांवर बायका लेकरं मांडीवर घेऊन पदराने वारा घेत बसायच्या, आणि पुढचा बाक रिकामा हवा खात राहायचा. ते पाहून माझी रोज चिडचिड व्हायची. बोलत मात्र मी नव्हते, कारण ठेका दरवर्षी नव्याने करावा लागायचा.

त्या मावशी आल्या त्या अशाच एका दुपारी. आर्वीच्या पलीकडच्या खेड्यातून एसटीने आलेल्या. म्हातारपण, बीपी, दोन पावलं चाललं की धाप. नवरा वारलेला. एकुलता मुलगा आमच्याच छावणीत शिपाई. त्याने मागून घेतलेल्या बदलीमुळे दोन वर्षं तो आईजवळ होता, आणि आता त्याला पुन्हा वर, बर्फात पाठवायचं ठरत होतं.

"डाक्टरनं माह्या आजाराचं लिहून देल्लं तं पोट्ट्याचा अर्ज पुढं जाते," त्या खिडकीशी दम खात म्हणाल्या. "मंग त्याचा साहेब सही करते. त्यानं सही केली का बदली थांबली. लय कडक हाये म्हनते साहेब."

"बसा मावशी, बोलावते मी," मी म्हटलं.

त्या बसल्या त्या थेट कुलरसमोर. मागच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने खूणही केली, पण मावशींनी डोळे मिटून घेतले होते. घाम सुकत होता आणि श्वास जागेवर येत होता. मी त्यांना उठवायला हवं होतं, म्हणजे माझ्या नोकरीत ते बसत होतं. मी उठवलं नाही. बसू दे म्हटलं एकदा कोणालातरी.

तेवढ्यात मॅडम आल्या. मावशींचा मुलगा ज्या साहेबांच्या हाताखाली होता, त्यांचीच बायको. मनगटाला काहीतरी पुरळ उठलं होतं. त्या बाकासमोर उभ्या राहिल्या. एरवी अशा वेळी बसलेलं माणूस आपोआप उठतं. मावशींनी डोळे उघडले, मॅडमकडे पाहून हसल्या आणि थोडं सरकून बाजूची जागा हाताने पुसून दिली.

आमच्या खेड्यात पाहुण्याला अशीच जागा देतात. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र कोणी अंगावर पाणी उडवल्यासारखा भाव आला. त्या माझ्या काचेकडे वळल्या.

"इनको यहाँ किसने बिठाया?"

"मैडम, जगह है, बैठिए ना," मी म्हटलं.

"मैं इनके साथ बैठूँगी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बेंच सरकार का है मैडम, साहब के घर का नहीं."

मागच्या बाकांवरचे पदर हलायचे थांबले. तोंडातून गेलेलं वाक्य मला स्वतःलाच पुन्हा ऐकू आलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. मग आतून नर्सिंग असिस्टंट आला. त्याने मॅडमना सॅल्यूट ठोकला, मावशींना दंडाला धरून उठवलं आणि बाहेर व्हरांड्यात नेऊन बसवलं. व्हरांड्यात ऊन होतं. थोड्याच वेळात मावशींना भोवळ आली आणि त्यांना उचलून आत आणावं लागलं. तपासताना डॉक्टरांनी विचारलं, या बाहेर का बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, मॅडमचं बोलणं, दंडाला धरणं, सगळं. हॉलमधल्या बायकांना विचारा म्हटलं.

हॉलमधल्या बायकांना काही दिसलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. राहिल्या मावशी.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला आणि मावशींना खोलीत बोलावलं. मावशी मुलाच्या सोबतीने आल्या होत्या. तो वर्दीत दाराबाहेर ताठ उभा. मी निश्चिंत होते. ज्या बाईला उन्हात काढलं ती तरी खरं बोलेलच ना.

"माताजी, आपको किसी ने उठाया था?"

मावशींनी दाराकडे पाहिलं. मग पदर सावरून म्हणाल्या, "नाई साहेब. मले कोनीच उठवलं नाई. मीच उठली. कुलरची हवा मले सोसत नाई."

"और ये रिसेप्शन वाली जो बोल रही हैं?"

"ह्या बाईले काय झालं काय मालूम. हे काऊन माह्या मधात पडून राह्यली?"

साहेब माझ्याकडे पाहत होते, खोटं पकडलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मॅडमना सॉरी म्हणा, विषय संपवा, असं ते थंडपणे म्हणाले. मी मॅडमच्या बंगल्यावर जाऊन सॉरी म्हटलं. मॅडम फोनवर बोलत होत्या. त्यांनी हात हलवला, भाजीवाल्याला 'नको' म्हणताना हलवतात तसा. परत येताना मला मॅडमपेक्षा मावशींचाच संताप येत होता. ज्यांच्यासाठी मी तोंड उघडलं, त्यांनीच मला तोंडघशी पाडलं. भलाईचे दिवस नाहीत, हे बसमध्ये मी शेजारणीला दोनदा ऐकवलं. काय झालं ते मात्र सांगितलं नाही.

पुढे महिनाभर मावशी आल्या नाहीत. आल्या तेव्हा एकट्या होत्या आणि सरळ माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"माहा पोट्टा गेला बर्फात," त्या म्हणाल्या. "साहेबानं सही नाई केली."

त्या वेळी आणखी कितीतरी पोरं गेली होती, यांचा अर्ज एरवीही नामंजूर झाला असता, असं मी त्यांना सांगितलं. ते खरंही असेल. मला ठाऊक नाही.

"मी खोटं बोलली त्या दिवशी," त्या तशाच म्हणाल्या, आवाज न चढवता. "म्हनलं, मी पलटली तं साहेबाचा राग जाईन. तुनं बोलून ठेवलं होतं तं कायचा जाते."

"तुमच्यासाठीच बोलली वो मी, मावशी."

"मी म्हनलं होतं का तुले, बोल म्हनून?"

मी मागच्या माणसाचं कार्ड घ्यायला हात पुढे केला, तरी मावशी खिडकीपासून हलल्या नाहीत.

"तुहा पोट्टा हाये फौजेत?"

"नाई."

"मंग तुले काय जाते भांडाले?"

मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी लवकर करा म्हणालं. बाजूला व्हा मावशी, असं मी म्हटलं. मॅडमचा राग होताच, साहेबांचाही होता, पण त्या क्षणी सगळ्यांत जास्त राग मला त्या म्हातारीचा आला, कारण ती खरं बोलत होती.