डुगडुगती खुर्ची आणि तिच्या पोटाखालची चांदणी

सुतारदादा लाकडाशी हळू आवाजात बोलायचा आणि लाकूडही त्याचं ऐकायचं. ऐकत नव्हती फक्त त्याची थोरली बहीण, आक्का. चूक दादाचीच. आईची जुनी खुर्ची अडगळ समजून त्याने शेकोटीत घातली आणि आक्काने अबोला धरला. राहायची भिंतीपलीकडेच; पण मीठ हवं असलं तरी दादासमोर मांजराला सांगायची, "मने, तुझ्या मालकाला विचार गं, मीठ आहे का."

दादाचा जीव तुटायचा. खुर्ची पुन्हा करावी, तर नमुन्याची राख झालेली.

अशात आक्काचा जावई आला. त्याचा धंदा मेलेल्या भाषा उकरण्याचा. दादा वाकसाने फळी तासत होता ते बघून तो म्हणाला, "मामा, या हत्याराला पूर्व युरोपातले जुने स्लाव लोक तेस्लो म्हणत."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. त्यांनी काही लिहूनच ठेवलं नाही. पण त्यांच्या भाषेच्या लेकी आहेत. कुणी 'ते तेस्लो' म्हणते, कुणी 'ती तेस्ला'. लेकींची तोंडं जुळवून आईचा चेहरा काढायचा. 'तेस' म्हणजे तासणं. आपल्या तासण्याचं लांबचं भावंडच. त्याला 'लो' लावला की झालं हत्यार."

"म्हणजे तेस हे पातं, लो हा दांडा!"

"अगदी! आणि शब्दाआधी चांदणी काढायची. म्हणजे हा पाहिलेला नाही, जुळवलेला आहे."

दादाने वाकस खाली ठेवला. आईची खुर्ची बघून मावश्यांनी तशाच खुर्च्या करून घेतल्या होत्या. तो घरोघर जाऊन खुर्च्यांखाली आडवा झाला.

"अरे मेल्या, मी बसलेय ना वर!" थोरली मावशी किंचाळली.

पाठी वेगळ्या, हात वेगळे. पण सगळ्यांचा मागचा डावा पाय आखूड.

"मग आईच्या खुर्चीचाही आखूडच असणार," जावई म्हणाला.

"सुताराने डुगडुगती खुर्ची करायची? लोक तोंडात शेण घालतील!"

पण आक्कासाठी दादाने मन घट्ट करून पाय तासला, बैठकीखाली चांदणी कोरली, खुर्ची तिच्या दारात ठेवली आणि कोपऱ्याआड लपला.

आक्का बसली. खुर्ची डुगडुगली. ती मुद्दाम पुन्हा डुलली. मग वाकून खाली बघितलं.

"मने, विचार गं त्याला, ही चांदणी कसली?"

"खुर्ची अंदाजाने केलीय म्हणून," दादा कोपऱ्याआडून डोकं काढत म्हणाला.

"अंदाज कसला, गाढवा! आई अशीच डुलत शेंगा सोलायची. खोड ती चांदणी," आक्का थेट त्याच्याकडे बघत म्हणाली, "आणि पाय सरळ करशील तर तुलाच तासीन!"