लाल ठिपक्याखालची अंगणवाडी

उपग्रहाच्या फोटोंनी आमच्या कॉलेजची हार्ड डिस्क भरली, पण खरं सांगू? त्याहून जास्त किस्से साठलेत! वर्ध्याच्या उन्हात लोकांच्या छपरांवर चढायचं म्हणजे एकतर हसू येतं, नाहीतर चक्कर.

उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो आणि कुठला भाग किती तापलाय ते टिपतो. त्याच वेळी आम्ही खाली थर्मामीटर गननं छपरं मोजतो. नकाशावर शेजारच्या पिपरी मेघे गावात मोठा लाल ठिपका निघाला, आणि त्याच्या मधोमध टिनाची अंगणवाडी! आमचे मेश्राम सर पेटलेच. मे लागायच्या आत छपराला पांढरा रंग द्या, असा अर्ज पंचायत समितीच्या साहेबांकडे केला. साहेब म्हणाले, "लाल रंग तर तुम्हीच भरला असेल कॉम्प्युटरवर!"

"बरं," सर म्हणाले, "मोजूनच दाखवतो."

*

पहिल्याच दिवशी मी त्या गंजक्या टिनावर गन रोखली. शेजारच्या आजीला ती कोरोनापासून ओळखीची.

"काऊन रे, टिनाले ताप आला का?"

"आला ना आजी! म्हणून तर आलो," सर म्हणाले.

*

उपग्रहाचा दिवस. आम्ही पोचलो, तर टिनावरून पाणी निथळतंय! सेविका शोभाताई बादली घेऊन उभ्या.

"वरून फोटो निघणार म्हणता, मंग धुऊन नको काढू?"

सगळं रीडिंग पाण्यात! पुढचा फेरा सोळा दिवसांनी. मी भयंकर चिडलो.

"रागावू नका भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "टिन थंड झालं, तं आज पोट्टे पोटभर जेवून राह्यले."

मी गन ठेवली आणि त्यांची बादली भरून आणली.

*

सोळा दिवसांनी आकाशात ढग! एप्रिलमध्ये! उपग्रहाला काय दिसणार, कप्पाळ? मी गन पिशवीत कोंबली. "सर, मी सोडतो हे काम."

सर म्हणाले, "उपग्रह सोळा दिवसांनी येते. तू उद्या येजो."

गेलो बापा!

*

तिसऱ्या फेऱ्याला लख्ख ऊन. सरांनी साहेबांनाच बोलावलं आणि टिनाखाली, पोरांच्या सतरंजीवर बसवलं. नकाशा उघडला, आकडे जुळवून दाखवायला लागले. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. रुमाल ओला झाला. दोन पानं उलटली नाहीत तोच ते उठले.

"मेश्राम, चला, बाहेर झाडाखाली बोलू. इथं बसवत नाई हो!"

शोभाताईंनी अर्ज पुढे सरकवला, वर पेन ठेवला.

"साहेब, हेच लिहा ना खाली. अन् सही करा."