कॉटखालची ऊब

माझं शिक्षण चौथी. शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी पुढं वाचायचे कष्ट घेऊ नयेत. पण लाकूड मला कळतं. डोळे मिटून नुसता तळहात फिरवला तरी सागवान कुठलं आणि बाभूळ कुठली हे आजही सांगेन. कान लाकूड कोरायच्या राउटर मशीननं खाल्ले, नाक थिनर आणि पॉलिशनं मेलं. उरले ते हात. त्या हातांना जे कळलं होतं ते मी पाच दिवस तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही, ते इथं लिहून ठेवतो आहे.

बिबवेवाडीत आमच्या तळमजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत बायकोची लोखंडी कॉट. मोरीत पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली, तेव्हापासून माझ्या आधाराशिवाय तिला कॉटवरून उतरता येत नाही. त्याच कॉटखाली माझी हत्यारांची पेटी. सागवानी, माझ्या हातची, एक खिळा नाही. जागा दुसरीकडे नव्हती असं नाही. हत्यारं घराच्या पोटात असावीत असं मला वाटायचं.

मुलगा कोथरूडला राहतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं मला बॅटरीवर चालणारं ड्रिल आणून दिलं. वायर नाही, काही नाही. खाली बॅटरीचा ठोकळा सरकवायचा, टक् आवाज आला की झालं. मी आधी नाक मुरडलं, मग महिनाभरात त्याच्याशिवाय काम करेनासा झालो. फक्त एक गोष्ट मनाला कधी पटली नाही. रंध्यात जोर माझ्या दंडातून येतो. वायरचं ड्रिल भिंतीतून जोर घेतं, बटण बंद केलं की मेलं. ह्याचा जोर ह्याच्याच पोटात. आपण जेवायला बसलो, झोपलो, गावाला गेलो, तरी तो आत जागाच. हत्यारानं असं असू नये.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांना आंघोळ घालतात. वडील घालायचे, मी घालतो. पटाशा, करवती, रंधे, सगळं ताम्हनात घेऊन आधी पाणी, मग पंचामृत, मग परत पाणी. पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, हळदकुंकू लावून लाल कापडावर मांडायचं. त्या दिवशी त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही. पहिल्या वर्षी ड्रिल माझ्याकडे नवं होतं, तेव्हा मी नुसतं फूल वाहिलं होतं. ह्या वर्षी वाटलं, वर्षभर राबलंय, मग ह्यालाच वेगळं का? मुलगा फोनवर म्हणाला होता की बाबा, बॅटरीला पाणी लागू देऊ नका. मी म्हणालो, पाण्याशिवाय पूजा फोटोला करतात.

ठोकळा काढून ड्रिलला आंघोळ घातली, ठोकळ्याला वेगळी घातली. पुसलं, कोरडं झालंसं वाटलं, टक् करून परत बसवलं. दसऱ्याला शास्त्रापुरतं एक भोक पाडून बघितलं, झकास चाललं. लाल कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि पेटी कॉटखाली सरकवली. दिवाळीच्या तोंडावर काही काम येईपर्यंत ती उघडायचं कारण नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी बायको म्हणाली, "अहो, सीताफळं कधी आणलीत?"

आणली नव्हती. ती म्हणाली, पार पिकून गेल्याचा वास येतोय, गोड, डोक्यात जाणारा. मी फळीवर बघितलं, कॉटखाली वाकून बघितलं. मला वास येणं शक्यच नव्हतं. मी तिला म्हणालो की पडून पडून तुझं नाक रिकामटेकडं झालंय. ती हसली नाही.

चौथ्या दिवशी तिनं सांगितलं की खाली कुणीतरी श्वास घेतंय. घोरणं नव्हे, उसासा. मध्येच एक घुर्र असा आवाज येतो आणि तिच्या पाठीखालची कॉटची पट्टी थरथरते. मग गप्प. दिवसातून एकदा, कधी दोनदा. हे ती अगदी शांतपणे सांगायची, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं. त्यानंच माझ्या अंगावर काटा यायचा.

मुलाला तिनं फोनवर हेच सांगितलं. तो रविवारी आला, तिच्याशेजारी तासभर बसला. तेवढ्या वेळात काही वाजलं नाही. बाहेरच्या खोलीत येऊन तो मला हळूच म्हणाला की आईला भास होतायत, ह्या वयात होतं, डॉक्टरांची वेळ घेतो. मग तिला कोथरूडला नेऊ, दिवसभराची बाई ठेवू, तुम्ही एकटे किती करणार. शुक्रवारची वेळ ठरली. त्रेपन्न वर्षांत ती माझ्यावाचून कुठं राहिलेली नव्हती, बाळंतपणं सोडून.

आता खरं ते लिहितो. तो यायच्या आदल्या दिवशी, ती झोपली असताना, मी कॉटखाली हात घातला होता. पेटीच्या झाकणावर तळहात ठेवला. झाकण गार होतं, पण एका जागी, पंजाएवढ्या जागी, ऊन होतं. तापल्या पोराच्या कपाळासारखं. मी हात काढून घेतला. परत ठेवला. तिथंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर झाकण सगळीकडे गार. सोमवारी परत ऊन. जसं काही आत कुणी झोपतं आणि उठतं.

लाकूड आपण होऊन तापत नाही हे मला सांगायला कुणी नको. तरी मी पेटी उघडली नाही. उघडली असती तर दोनच गोष्टी निघाल्या असत्या. एक, बायकोचं खरं होतं. दुसरी, माझ्याच पेटीत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. दोन्ही मला नको होत्या. मी स्वतःला समजावलं की वरून तिच्या अंगाची ऊब उतरत असेल. मुलाला काही बोललो नाही. उलट त्यानं भास म्हटल्यावर मान डोलावली. आणि घाबरलोही होतो. दुपारी बाहेरच्या खोलीत बसून दाराकडे बघत राहायचो. ती आतून म्हणायची, "घेतला बघा आत्ता." मी म्हणायचो, बरं.

मग गुरुवार आला. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, शेजारचा टीव्हीसुद्धा गप्प. मी तिच्या कॉटशेजारी खाली फरशीवर बसलो होतो. घरातली वीज नावाची सगळी गोष्ट मेलेली. आणि त्या सामसुमीत माझ्या तळपायांना कळलं. कानांना नाही, पायांना. फरशी थरथरत होती. ह्या वेळी ती थांबली नाही.

बायको म्हणाली, "आता तरी ऐकताय ना?"

मी पेटी ओढली. जड पेटी, पण ओढली. ती म्हणाली, उघडू नका. मी उघडली. ड्रिल पटाशांवर आडवं पडून आपणहून फिरत होतं, सावकाश, आणि त्यानं पूजेचं लाल कापड स्वतःभोवती घट्ट गुंडाळून घेतलं होतं. हळदकुंकू तसंच वाळलेलं. बटणावर कुणाचंही बोट नव्हतं. मी तेवढंच बघत बसलो, किती वेळ ते ठाऊक नाही. मग ठोकळ्यातून फुस्स असा लांब उसासा आला आणि पांढरा धूर वर आला.

झाकण आपटलं, दोरीची मूठ धरून पेटी उंबऱ्याबाहेर अंगणात ओढली. समोर मोटारी वाइंडिंग करणारे भाई राहतात, माझ्याच वयाचे. ते धावत आले आणि मला दंडाला धरून मागं खेचलं. पुढच्याच क्षणी पेटी पेटली. एका बॅटरीचा ठोकळा, पण आत फटाक्यांची माळ असावी तशी सेलची एकेक नळी फुटत होती. शेजारच्या बांधकामाची वाळू भाईंनी पाटीनं ओतली. सागवान जळलं. पटाशा उरल्या, पण आगीत त्यांचं पाणी उतरलं. आता त्यांना धार लावली तरी टिकणार नाही.

सगळं थंड झाल्यावर भाईंनी काठीनं ठोकळा उलथा केला, फुटलेल्या नळ्यांच्या मधला पांढरा थर बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

"मिस्त्री, ह्याला काही पाजलं होतंत का?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, दूध, मध, साखर आत राहिलं असणार. तेच बटणात गेलं, म्हणून ते आपोआप फिरायचं. तेच बॅटरीत गेलं. आतल्या आत गळत, तापत होतं. त्या गळतीचा वास गोड येतो.

संध्याकाळी मुलगा आला. आधी हादरला, मग चिडला. त्याला वाटलं माल खराब होता, दुकानदाराला जाब विचारतो म्हणाला. मला वाट सोपी होती. गप्प बसायचं. पण जाता जाता तो म्हणाला की उद्या डॉक्टरांकडे जाऊच, ड्रिलचं ठीक आहे, पण आई श्वास म्हणते, वास म्हणते, ते काही बरं लक्षण नाही. तेव्हा मी त्याला आतल्या खोलीत नेलं, तिच्यासमोर, आणि सांगितलं. आंघोळीचं सांगितलं. ऊन लागलेल्या झाकणाचंही सांगितलं, कुठल्या दिवशी ते धरून. म्हणालो, तिचं काही बिघडलेलं नाही, डॉक्टरला फोन करून नको म्हण.

मुलगा कॉटच्या कडेला बसला. बायको छताकडे बघत होती.

"म्हणजे शनिवारपासून तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आणि रविवारी मी वेडी ठरत होते तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी उभे होतात."

मी हो म्हणालो.

मुलानं तिला विचारलं, डॉक्टर राहू देत, पण तू चलतेस का माझ्याकडे? ह्या वेळी त्यानं मला विचारलं नाही, तिला विचारलं. ती म्हणाली, दिवाळी होऊ दे, मग सांगते.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्नही होऊन गेलं. मुलगा फोन करतो तेव्हा ती पोरांच्या परीक्षा विचारते, त्याच्या गुडघ्याचं विचारते. मी रोज सकाळी तिला दंडाचा आधार देऊन उठवतो. ती हात धरते, पण पहिल्यासारखा भार टाकत नाही. काय ठरवलं आहेस, हे मी अजून विचारलेलं नाही.