हक्क सोडायला समोर यावं लागतं

बाबा गेल्यावर काही महिन्यांनी धाकट्या भावाचा फोन आला. माय आधीच गेली होती, त्यामुळे आमच्या इकडच्या प्रतापगडजवळच्या, माहेरच्या धानाच्या शेतीला वारस आम्ही दोघंच.

"बाई, वारसाची नोंद करून राहिलो. मोबाइलवरच होते आता. तुले कुडव्याहून याचंबी काम नाही."

मी पिठाच्या हातानंच फोन धरला. पडद्यावर काळ्या कोटातला एक माणूस आला. आधार चेहऱ्याजवळ धरायला लावलं, बोटानं सही करून घेतली आणि निघून गेला. कागदात काय आहे, हे ना त्यानं सांगितलं, ना मला वाचायला दिलं.

ते हक्कसोडपत्र होतं. मला कळलं ते तलाठ्यानं परत पाठवल्यावर. भाडेकरार घरबसल्या होतो, म्हणून जमिनीवरचा हक्कही होईल, असं माझ्या हुशार भावाला वाटलं होतं! तलाठ्यानं सांगितलं, ही ऑनलाइन नोटरी चालत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा, बहिणीला समोर आणा.

म्हणून मग स्वारी मला न्यायला दारात हजर. सोबत साडी. आमच्याकडे बहिणीनं हक्क सोडला की तिला साडीचोळी करतात. इथे खऱ्या सहीच्या आधीच साडी आली होती.

"मले फसवलं तू," मी म्हटलं.

"फसवलं कायचं? तुले काऊन पायजे वावर? तुयं घर भरलं हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, लग्नापर्यंत दरसाल रोपांची रोवणी मी केली. पाय कुजायचे. हा तेव्हा शाळेच्या नावाखाली गावभर हिंडायचा. तरीही मी त्याच्या मागे गाडीवर बसले. माहेर तुटेल, ही भीती संतापापेक्षा मोठी होती. साडी रस्ताभर माझ्या मांडीवर होती.

निबंधक कार्यालयात साहेबांनी कागद पुढ्यात ओढला. भाऊ माझ्या आधीच बोलायला लागला. साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही स्वखुशीनं हक्क सोडताय का? कोणाचा दबाव?"

मला रडू आलं, ते रागाचं. शाळा सोडवली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हाही नाही. मोबाइलवरच्या त्या कोटवाल्याचं तर कामच विचारायचं होतं, आणि त्यानं नेमकं तेवढंच केलं नाही. माझ्या तोंडाला काळं फासल्यासारखं वाटत होतं, आणि ते माझ्याच भावानं फासलं होतं.

"नाही सोडत," मी म्हटलं.

"बाई, का बोलून राहिली तू?" भाऊ ओरडला.

साहेबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी बाहेरच्या बाकांवरच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. भाऊ तिथूनच गाडी काढून निघून गेला. मी एसटीनं घरी आले.

पुढे वारसांत त्याच्यासोबत माझं नाव लागलं. त्या दिवाळीला भाऊबीजेचं ताट मी वाढून ठेवलं होतं. तो आला नाही.