‘आज काही ऐकू आले नाही’ हे सांगायला जाणारे हिरामणअप्पा

गौरवसमितीने मला बजावले आहे की लेख शांत, प्रसन्न आणि षष्ट्यब्दीच्या सोहळ्याला शोभणारा असावा. शोभणारा लिहिण्याचा प्रयत्न करते. शांततेची हमी मात्र देत नाही. श्री. हिरामणअप्पा पाटील यांच्याविषयी शांतपणे लिहायचे तर आधी ते स्वतः एका जागी बसलेले आठवले पाहिजेत, आणि तसे ते मला काही केल्या आठवत नाहीत. जेवतानासुद्धा त्यांचे एक पाऊल उंबऱ्याबाहेर असते.

आमची पहिली भेट झाली तीही अशीच धावपळीत. तळोद्याच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवीत होते आणि डोक्यावरची कौले करकरू लागली. माकड असेल म्हणून हातात छडी घेऊन बाहेर आले. छपरावर धोतराचा काचा मारलेले, खांद्यावर तारेचे भेंडोळे टाकलेले एक भारदस्त गृहस्थ उभे होते. मी काही विचारण्याआधी त्यांनीच मला अहिराणीत दरडावले, “बाई, मन्ही शिडी कोन ली गया?” शिडी शाळेच्या गड्याने नेली होती. मी परवानगीचा विषय काढला. “पहिले तार लागू द्या, परवानगीनं मांगेन देखूत,” असे म्हणून ते पुन्हा कामाला लागले. तालुक्याला सरकारी रेडिओचा संच मिळाला होता, तो ठेवायला कोरडी आणि कुलूपबंद जागा फक्त आमच्या शाळेत होती, आणि तिथला असाच संच चालवणारे प्रकाशा गावचे हे जमीनदार पाटील तापीकाठाहून स्वतःच्या घोडीवरून तार लावायला आले होते. हे सारे मला ते खाली उतरल्यावर कळले. उतरले तेही शेजारच्या गाडीवाल्याच्या गवतावर उडी मारून!

पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवते, कारण तिला हे खरे वाटणार नाही. गावचा रेडिओ म्हणजे एक कुलूपबंद लाकडी पेटी. आत एकच केंद्र लागेल अशी व्यवस्था. संध्याकाळी ठरलेल्या वेळी लोक ओट्याशी जमले की चालकाने किल्लीने उघडायचा, कार्यक्रम संपला की बंद करायचा. आमच्या गावांत वीज नाही, म्हणून संच बॅटरीवर चालायचा, आणि ती जड बॅटरी भारून आणायला नंदुरबारच्या एका जिनिंग कारखान्यात न्यावी लागायची. सुरुवातीला प्रत्येक चालक आपापल्या बैलगाडीने फेरी मारी आणि निम्मा काळ संच मुके असत. अप्पांनी सर्वांची मोट बांधली, गाड्यांच्या पाळ्या लावल्या, कारखान्याच्या मालकांशी गोड बोलून आणि ते संपल्यावर भांडून बॅटऱ्यांसाठी जागा मिळवली. त्या भांडणातून आमचा रेडिओचालक संघ जन्माला आला. इतर संघांचा जन्म ठरावातून होतो म्हणतात.

तळोद्याच्या संचाची किल्ली माझ्याकडे आली होती, तरी मला सभासद करून घ्यायचे की नाही, यावर पहिल्याच बैठकीत वाद झाला. बाईमाणूस बॅटऱ्यांच्या गाडीबरोबर नंदुरबारला कशी येणार, चारचौघांत ओट्यावर उभी राहून कशी बोलणार, असे बरेच ‘कशी’ निघाले. अप्पा खिडकीशी उभे होते. ते वळून एवढेच म्हणाले, “तळोद्यानं छप्पर बाईनं शे. बाई नही ते तळोदं बी नही.” आणि लगेच गाड्यांच्या पाळ्यांकडे वळले. नंतर त्यांच्या पत्नी, आमच्या सौ. वहिनी, पहिल्या चार फेऱ्यांना माझ्या सोबतीला गाडीत बसून आल्या. त्यांना कोणी पाठवले हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. परक्या गावात एकटी नोकरी करणाऱ्या बाईला ही सोबत काय वाटते, ते मलाच माहीत.

आता संघाच्या खऱ्या कामाकडे येते. रेडिओची मराठी आमच्याकडे शाळेत आणि कचेरीत चालते, ओट्यावर नाही. “कपाशीवरील किडीच्या प्रतिबंधार्थ अवशिष्ट पऱ्हाट्यांचे निर्मूलन करावे,” असे पेटी म्हणाली की माणसे एकमेकांकडे पाहायची. अप्पा पेटी बंद करीत आणि सांगत, “जुन्या पऱ्हाट्या उपटा नि जाळी टाका, भो!” याला आम्ही ‘फोड’ म्हणतो. मैदानात अहिराणीत फोड, डोंगराच्या बाजूला भिलीत किंवा पावरीत, ज्याला जी येते ती. ही फोड अधिकृत मानावी म्हणून अप्पा मुंबईपर्यंत जाऊन आले. तिथल्या साहेबांच्या दालनात खुर्ची असूनही ते येरझाऱ्या घालीत बोलले असे ऐकते.

फोडीचा एक नियम त्यांनी स्वतः घालून दिला. खरखरीमुळे जे ऐकू आले नाही, ते ‘ऐकू आले नाही’ असेच सांगायचे. मनचे घालायचे नाही. आणि कोणी घातलेच, तर त्याने जिथे जिथे ती बातमी गेली तिथे तिथे स्वतः जायचे, त्याच जागी उभे राहायचे आणि आपल्या तोंडाने दुरुस्ती करायची. निरोप धाडून चालणार नाही. नियम कडक होता आणि तो करताना आम्ही साऱ्यांनी माना डोलावल्या. तो पहिल्यांदा कोणावर येऊन पडणार आहे, हे कोणाला ठाऊक होते?

लढाईचे दिवस होते. परदेशी गेलेल्या शिपायांचे निरोप रेडिओवरून वाचून दाखवीत. विसरवाडीच्या मार्थाबाईंचा एकुलता मुलगा शिमोन पलटणीत गेला होता आणि त्याची खबर येणे बंद झाले होते. मार्थाबाई नवापूरच्या डोंगरकडेच्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबातल्या. थोडी शेती, बाकी मजुरी. घरात कोकणा आदिवासींची कोकणी बोली, बाजारात अहिराणी. विसरवाडीला संच नव्हता. म्हणून त्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक चालकाला गाठून विचारीत, “मन्हा शिमोननं काही ऐकं का?”

एका संध्याकाळी प्रकाशाला फार खरखर होती. त्यातून अप्पांना आधी ‘विसरवाडीचा शिमोन’ एवढे ऐकू आले. मग बराच वेळ नुसता गोंगाट. मग ‘सुखरूप आहे, लवकरच घरी येईन.’ अप्पांचा जीव किती उतावळा, हे मी सांगायला नको. त्यांनी पेटीला कुलूप घातले, फोड केली, आणि दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच विसरवाडीकडे निघाले. वाटेतल्या प्रत्येक गावी सांगत गेले. विसरवाडीच्या बाजारात, सगळ्यांसमोर, त्यांनी मार्थाबाईंना सांगितले की शिमोन सुखरूप आहे आणि घरी येतो आहे.

तळोद्याला त्या संध्याकाळी आवाज स्वच्छ होता. निरोप शिमोनचा नव्हताच. तो साक्रीकडच्या एका शिपायाचा त्याच्या घरच्यांना होता. विसरवाडीचा शिमोन आणि मी, आमची ताटातूट झाली, त्याच्या आईला कळवा, असे तो सांगत होता. सुखरूप होता तो स्वतः, आणि घरी येणार होता तोही स्वतः. तळोद्याला मी तेवढेच सांगितले. अप्पा काय करून बसले आहेत, याची मला कल्पनाच नव्हती.

ती कल्पना आली नंदुरबारला, बॅटऱ्यांच्या दिवशी. कारखान्याच्या आवारात सारे चालक जमले होते आणि अप्पा आनंदाने सांगत होते की मार्थाबाईंनी घर पोतारायला काढले, प्रार्थनाघरात गाणी झाली. मी ऐकलेले सांगितले. मग हळूहळू समजुतीची भाषा सुरू झाली. “अप्पा, ऱ्हाऊ द्या ना. मायनं मन कशाले मोडतस?” एक म्हणाले. दुसरे म्हणाले, मुलगा आला तर उत्तमच, नाही आला तर सरकारी खबर येईलच, आपण मध्ये कशाला? तिसऱ्यांचे म्हणणे सर्वांत वजनदार होते. चालक फोडीत मनचे घालतात अशी तक्रार वर गेलेली होती आणि संच परत मागवण्याचे घाटत होते. अशा वेळी संघाच्या अध्यक्षांनीच भर बाजारात कबुली दिली, तर सगळे संच जातील. एका बाईच्या मनासाठी एवढ्या गावांचे कान बंद करायचे का?

प्रश्न खोटा नव्हता. मला आजही तो खोटा वाटत नाही. मी त्या दिवशी अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मला त्यांचा राग येत होता, कीव येत होती, आणि आता हे काय करतात याची भीती वाटत होती. बॅटऱ्या तशाच टाकून अप्पा फाटकाकडे चालू लागले. मग थांबले. “बाई, तुम्ही चला. ऐकं ते तुम्ही. मन्हं तोंड आते कोन मानी?”

मालाच्या लॉरीत पुढे जागा मिळाली. विसरवाडीला लॉरी थांबायच्या आत अप्पा खाली उतरले. मार्थाबाईंच्या अंगणात पांढरी माती कालवलेली होती. भिंत अर्धी पोतारून झाली होती. आम्हाला पाहून त्या पोतेरे हातात घेऊनच पुढे आल्या, हसत. अप्पांनी पागोटे काढले आणि सांगितले. मी साक्ष दिली.

“तो मरी गया का, भाऊ?”

“ते मी ऐकं नही, बइन.”

“जित्ता शे का?”

“ते बी ऐकं नही.”

“मंग तुम्ही काय ऐकं?”

“ताटातूट व्हयनी, येवढंच बाईनी ऐकं. बाकी मी मन्हा मनथून जोडं.”

मार्थाबाईंनी पोतेरे खाली ठेवले. शिव्या देतील असे मला वाटले, आणि दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, “सगळासमोर सांगं व्हतं. आते सगळासमोर सांगा.” अप्पा बाजारात गेले, त्याच लिंबाखाली उभे राहिले आणि त्यांनी सांगितले. येताना वाटेतल्या प्रत्येक गावी उतरून सांगितले. काही ठिकाणी लोक हसले. एका ठिकाणी कोणी म्हणाले की पाटील, तुमची पेटी तुमच्याच घरी ठेवा. अप्पांनी तेही ऐकून घेतले, मान खाली घालून. त्यांनी मान खाली घातलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

निघण्यापूर्वी मार्थाबाईंनी एक गोष्ट मागितली होती. “आते जे ऐकशात ते सांगाले या. काही नही ऐकं, ते बी सांगाले या. घरमा बसीसन मन्हा जीव काय काय ऐकस.”

तेव्हापासून विसरवाडीच्या प्रत्येक बाजाराला अप्पा जातात. मार्थाबाई भाजीच्या रांगेत टोकाला बसलेल्या असतात. अप्पा त्यांच्यासमोर उभे राहून म्हणतात, “बइन, आज काही ऐकू ऊनं नही.” त्या मान हलवतात, कधी वांगी देतात, कधी काहीच देत नाहीत. अप्पा परत फिरतात. लढाई संपली, पलटणी परत आल्या, शिमोन आला नाही. मेल्याचीही खबर नाही. अप्पांचे जाणे चुकले नाही. तापाने फणफणलेले असताना गाडीत आडवे पडून गेले. वहिनींनी अडवून पाहिले, मी भांडून पाहिले. त्यांनी ऐकले नाही आमचे.

आणि संघाचे काय झाले? तपासाला आलेल्या साहेबांना अप्पांनी चौकशी सुरू होण्याआधीच स्वतःची चूक सांगून टाकली. साहेबांनी संच नेले नाहीत, अप्पांची किल्ली मात्र काढून घेतली. ती आजतागायत त्यांना परत मिळालेली नाही. रेडिओचालकांच्या संघाचे अध्यक्ष स्वतः रेडिओचालक नाहीत, असा हा चमत्कार आमच्याच जिल्ह्यात नांदतो. प्रकाशाला ते गर्दीत उभे राहून इतरांसारखे ऐकतात. नव्या चालकाची फोड चुकली तर त्यांचे ओठ हलतात, पण आवाज बाहेर काढीत नाहीत. एवढा संयम या माणसाला कसा जमतो, हे मला कोडेच आहे. संघात मात्र आता कोणाला नियम समजावून सांगावा लागत नाही. डोंगरातल्या अगदी नव्या चालकापर्यंत सगळे फोड संपवताना आधी सांगतात की आज काय ऐकू आले नाही. लोक त्या वाक्यासाठी थांबतात.

समितीने सत्काराची तारीख ठरवली ती नेमकी विसरवाडीच्या बाजाराची. अप्पांनी येणार नाही म्हणून कळवले. समितीला वाटले विनय, आणि मंडप ठरवून मोकळी झाली. मी समितीच्या सर्व सन्माननीय सदस्यांना येथेच सांगते की तारीख बदला, नाहीतर रिकाम्या खुर्चीला हार घाला. साठाव्या वर्षी आता विश्रांती घ्यावी, असे मानपत्रात छापले आहे म्हणे. ते वाक्यही काढा.

आधी मलाही तसेच वाटे. विश्रांतीची विनंती समितीऐवजी मार्थाबाईंनी करावी, म्हणून मी गेल्या बाजाराला विसरवाडीला जाऊन आले. त्या आता फार थकल्या आहेत. डोळ्यांनी कमी दिसते. मी म्हटले, “अप्पा साठ वर्षांचे झाले. तुम्हीच सांगा त्यांना, आता येऊ नका म्हणून.” त्यांनी माझा हात चाचपडून धरला.

“नही बाई. भाऊले सांगा, बहू दिन जगा. मन्हं काय, आज शे, सकाय नही. मी नसनी नि शिमोन ऊना, ते त्याले कोन सांगी, तुन्ही मायनी कितली वाट देखी?”

हिरामणअप्पांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, ही प्रार्थना मी त्यांच्यासाठी करीत नाही. ती विसरवाडीच्या शिमोनसाठी करते आहे. तो कधी येईल, येईल की नाही, हे आम्ही कोणी ऐकलेले नाही. तो येईल त्या दिवशी अप्पा हयात असले पाहिजेत, आणि त्यांचे पाय चालत असले पाहिजेत.